टॉवेलाचं पाप

"लाल झालं! बघ, बघ, लाल झालं!"

मंडपातली सगळी माणसं एकदम उठली. मागच्यांनी पुढच्यांच्या खुर्च्यांवर पाय दिले, त्यातली एक खुर्ची मोडली, आणि तिच्यावर चढलेले काका पडता पडताही हात जोडूनच पडले. स्टेजवरच्या टेबलावर काचेचे कलश ओळीने मांडले होते आणि प्रत्येकात पिवळंधमक पाणी होतं. त्यातल्या एकात जवळच्या सात बंगला भागातल्या एका बँक मॅनेजरने हात बुडवला होता, आणि त्याच्या बोटांभोवती पाणी लाल होत चाललं होतं.

"पाप बाहेर आलं!" कलशानंद महाराज माइकवर गरजले. "घाबरू नकोस, बेटा. बाहेर आलं म्हणजे आत उरलं नाही!"

बँक मॅनेजर हुंदके देऊन रडू लागला. त्याची बायको मात्र रडत नव्हती. ती नवऱ्याकडे एकटक बघत होती, आणि घरी गेल्यावर ती पहिला प्रश्न कोणता विचारणार हे सांगायला अंतर्ज्ञान लागत नव्हतं.

हे सगळं मुंबईत, वेसाव्याच्या कोळीवाड्यात, जेट्टीजवळ, बोंबील वाळत घालायच्या मैदानात चाललं होतं. मंडपाच्या दोन्ही अंगांना बांबूंवर बोंबील लटकत होते. महाराजांचे शिष्य धुपाच्या टोपल्या फिरवायचे, धूप आणि बोंबील यांची रोज लढत व्हायची आणि रोज बोंबील जिंकायचे. महाराज बाहेरचे होते. अधूनमधून ते उपरणं नाकाला लावून डोळे मिटायचे, आणि लोक म्हणायचे, समाधी लागली.

"आमच्या कलशाला तुमची डिग्री कळत नाही," महाराज सांगत होते. "बँक बॅलन्स कळत नाही. त्याला कळतं फक्त अंतःकरण. हे वरचं वायफाय आहे बरं का! आणि पासवर्ड एकच. बोला, काय?"

"श्रद्धा!" मंडप ओरडला.

मी ओरडलो नाही. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. समोरचा माणूस ढसाढसा रडतोय, म्हणजे त्याची गाडी खरंच जळाली, असं धरून चाललो तर माझी नोकरी जाईल. त्यामुळे माझं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. मी बघत होतो निमेशकडे, म्हणजे महाराजांच्या पट्टशिष्याकडे. कलशात हात घालण्याआधी तो प्रत्येकाचा हात ओल्या पांढऱ्या टॉवेलाने पुसायचा. त्याला ते 'शुद्धिवस्त्र' म्हणत. टॉवेलांची ताटं दोन होती, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. जयजयकार करणाऱ्याला उजवीकडचा टॉवेल मिळे आणि त्याचं पाणी पिवळंच राही. शंका काढणाऱ्याला डावीकडचा मिळे, आणि त्याचं पाप हमखास बाहेर पडे. बँक मॅनेजरने आदल्या दिवशी देणगीची पावती मागितली होती.

हे ओळखूनही मी गप्प बसलो असतो. पण माझी सासू त्या रांगेत होती.

माझी सासू सरूबाई. वेसाव्याची कोळीण, डोक्यावर पाटी घेऊन साऱ्या टॉवरवाल्यांना पापलेट-सुरमई पोचवणारी, आणि मी मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा असूनही मला बांगडा नीट खाता येत नाही म्हणून लग्नाच्या पंक्तीत जाहीर हळहळलेली. तिला मधुमेह होता. दिवाळीनंतर शिंगाळा माशाचा काटा तिच्या पायाच्या अंगठ्यात घुसला आणि जखम भरेना. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि स्वच्छ सांगितलं, साखर आटोक्यात राहिली नाही तर अंगठा काढावा लागेल, कदाचित त्याच्याही पुढे जावं लागेल. आई, मीही तिला आईच म्हणतो, घाबरली. घाबरून तिने कलशात हात घातला.

पाणी लाल झालं.

"माई, तुझ्या अंगात सुईचं विष भिनलंय," महाराज म्हणाले. "सुई बंद कर. ज्या दिवशी पाणी पिवळं राहील, त्या दिवशी पाय बरा झाला म्हणून समज."

तेव्हापासून आई रोज जायची आणि रोज पाणी लाल व्हायचं. गंमत म्हणजे आता तिला निमेश उजवीकडचा टॉवेल द्यायचा, कारण एवढी निष्ठावान बाई बरी झालेली दिसणं त्यांच्याही फायद्याचं होतं. तरी लाल! महाराज स्वतः बुचकळ्यात पडलेले मी पाहिले. आई अजून घाबरायची. तंबाखू मळत रांगेत उभी राहायची, हात लुगड्याला पुसायची, कलशात घालायची, आणि रडत घरी यायची. अंगठा काळपट पडू लागला होता.

"आई, पायाकडे बघ ना गं!" माझी बायको समीक्षा डोकं धरून बसायची.

"पायाला काय बघतेस? पाण्याला बघ," आई म्हणायची.

शेवटी समीक्षाने हुकमाचं पान काढलं. स्वरदा.

स्वरदा म्हणजे टीव्हीवरची ती सोशिक सून, जिला गेली कित्येक वर्षं सासरचे छळताहेत आणि जी डोळ्यांत पाणी आणूनही काजळ फिसकटू देत नाही. राहायची सात बंगल्याच्या टॉवरमध्ये, सुरमई घ्यायची आमच्या आईकडून. अलीकडे तिने बुवाबाजीच्या विरोधात व्हिडिओ करायला सुरुवात केली होती. 'प्रश्न विचारा' असं मोहिमेचं नाव. समीक्षाने पाटी पोचवायला जाऊन तिला गळ घातली, आणि ती खरोखर आमच्या घरी आली, पाटावर बसली, आईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बघितला.

"मावशी, चमत्कार नसतात. इंजेक्शन घ्या. माझ्यासाठी घ्या."

सारी आळी दारात जमली होती. आई विरघळली. उठून तिने फ्रिज उघडला, गाबोळीच्या, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या, डब्यामागून इन्सुलिन काढलं आणि म्हणाली, "उद्या सकाळपासून घेते. टीव्हीवरची पोर माज्या पायाला हात लावते, मंग घ्यालाच पाहिजे."

त्या रात्री आम्ही आइस्क्रीम खाल्लं. आईला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉम्ब पडला. महाराजांनी मंडपात मोठा पडदा लावून एक व्हिडिओ दाखवला. स्वरदाची गाडी, बंपरला लिंबू-मिरची. स्वरदाचा हात, तर्जनीत हा एवढा पुष्कराज, कॅमेरा दिसला की खडा आतल्या बाजूला फिरवलेला. शेवटी तिच्या ज्योतिष्याची मुलाखत, की मॅडम अमावास्येला शूटिंग घेत नाहीत. कोळीवाडा हसून हसून लोळला. आईने इन्सुलिन पुन्हा गाबोळीच्या डब्यामागे ठेवलं.

"ती सोता लिंबू बांदते, अन् मना सांगते चमत्कार नसतात!"

"आई, तिने लिंबू बांधलं म्हणून तुमची साखर उतरली का?" मी विचारलं.

"ती खोटी हाय."

"असू दे ना खोटी! चौकातला हवालदार स्वतः हेल्मेट न घालता फिरतो. म्हणून आपण आपटलो तर आपलं डोकं फुटत नाही का?"

"जावय, तू विम्याचा मानूस. तुना सगलीकडं डोकी फुटलेलीच दिसतात."

यावर समीक्षासुद्धा हसली. मी चिडलो आणि तडक टॉवरवर गेलो.

स्वरदाने दार उघडलं. मी जे काही पाठ करून गेलो होतो ते सगळं एका दमात बोललो. माझ्या सासूचा पाय जाणार आहे, तुम्ही आधी अंगठी तरी काढायची होतीत, लोकांना शिकवायचं आणि आपण गुपचूप लिंबं टांगायची, लाज वाटते का, वगैरे. माझा आवाज तापला की मालवणी होतो, त्यामुळे शेवटचं अर्धं तिला कळलं नसावं.

"खरं आहे," ती म्हणाली. "ही अंगठी घातली आणि पहिली मालिका मिळाली. हे थोतांड आहे हे मला माहीत आहे हो. बोटाला माहीत नाही. काढायला गेले की भीतीने हात मागे येतो."

"मग व्हिडिओ कशाला करता?"

"ही भीती काय चीज असते ते मला नाही कळणार तर कोणाला कळणार?" तिने खडा फिरवून बाहेर आणला. "उद्या मी मंडपात येते."

"येऊ नका! तुम्ही आलात तर पुरती वाट लागेल."

ती आली.

गाडीतून उतरली तशी गर्दीने "लिंबू! लिंबू!" असा ठेका धरला. पोरं नाचू लागली. कोणीतरी खरोखरच लिंबू फेकून मारलं, ते तिच्या खांद्याला लागून समीक्षाच्या पायाशी आलं. चांगलं रसरशीत होतं. समीक्षाने उचलून पर्समध्ये टाकलं, कारण बाजारात लिंबं महाग होती.

महाराजांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "या, या, सूनबाई! कलशाला भेटा!"

निमेशने डावीकडच्या ताटातला टॉवेल उचलला आणि फार प्रेमाने तिचा हात पुसला. तिने हात बुडवला. पाणी लालभडक झालं. मंडपात जो काही जल्लोष झाला, त्याने बोंबलांवर बसलेले कावळे खाडीपलीकडच्या मढच्या दिशेने उडाले.

"बघा! जी स्वतः अशी, ती दुसऱ्याला काय शिकवणार?"

स्वरदाने माइक ओढून घेतला. "महाराज, लिंबू माझंच. अंगठीही माझीच, ही बघा. मी ढोंगी आहे, कबूल. आता मला हा डावीकडचा टॉवेल पाण्यात बुडवू द्या."

"टॉवेल पवित्र आहे!" निमेश ओरडला आणि त्याने टॉवेल खेचला. तिनेही खेचला. दोघांची रस्सीखेच सुरू झाली. महाराज "शांती! शांती!" करत मध्ये पडले आणि गर्दीने स्वरदालाच शिव्या घातल्या. खोटारडी, नाटकी, टीआरपीसाठी आली. मी कपाळाला हात लावला.

आणि तेवढ्यात आमची आई स्टेजवर चढली.

ती आली होती महाराजांना वाचवायला. डोळ्यांत पाणी, तळव्यात तंबाखू, दुखरा पाय ओढत ती थेट महाराजांपुढे उभी राहिली. तंबाखू तोंडात टाकली आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"म्हाराज, तुमी हात घाला. तुमचं पिवलं राहील. हिचं तोंड बंद करा."

"माई, माझी परीक्षा नको..."

"परीक्षा नाय, म्हाराज, दर्सन!"

"दर्शन! दर्शन!" मंडपाने घोषणा उचलली. आता मागे हटणार कसं? आणि आपल्या हाताला टॉवेल लागलेला नाही, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. ते गोड हसले. आईने त्यांचा हात दोन्ही हातांनी चोळून, डोळ्यांना लावून, मोठ्या भक्तीने एका नव्या कलशात बुडवला.

पाणी लाल झालं.

लांबून एका होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, तो ऐकू आला.

"हे... हे माईचं पाप आहे!" महाराज चाचरले. "माईच्या हाताचं माझ्या हाताला लागलं!"

आईने महाराजांकडे बघितलं. मग स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. रेषांमध्ये पांढरं काहीतरी अजून चिकटलेलं होतं.

"हाताला लागलं?" ती हळूच म्हणाली. "हाताला तर चुना लागलाय."

आमची आई तंबाखू चुना लावून मळते. घाबरली की जास्त मळते. रांगेत उभी राहिली की घाबरते. आणि याच आईने जन्मभर साऱ्या आळीच्या मुरगळलेल्या पायांना हळद-चुन्याचा लेप घातला आहे. पिवळी हळद आणि पांढरा चुना वाटीत कालवला की लेप लाल होतो, हे तिने हजारदा पाहिलं होतं. फक्त वाटीच्या जागी काचेचा कलश आला, माइक आला, आणि तिच्या डोळ्यांपुढचं तिला दिसेना.

"अरं द्येवा," आई म्हणाली. "ही तर हलद हाय!"

समीक्षा एका उडीत स्टेजवर गेली. निमेशच्या हातातला टॉवेल हिसकावून तिने तो शेजारच्या कलशात कोंबला. पाणी लालेलाल झालं.

"बोला महाराज," ती माइकवर म्हणाली, "टॉवेलाने काय पाप केलं?"

पहिल्यांदा एक म्हातारी हसली. मग तिची सून हसली. मग सगळा मंडप हसू लागला. समीक्षा थांबायला तयार नव्हती. तिने उजवीकडचा टॉवेल बुडवून दाखवला, पाणी पिवळंच राहिलं. डावीकडचा हुंगून दाखवला, धुण्याच्या सोड्याचा. मग पर्समधलं ते लिंबू काढलं, दातांनी फोडलं आणि लाल कलशात पिळलं. पाणी पुन्हा पिवळं झालं.

"लिंबाने पाप माफ केलं!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि लोकांना हसताना श्वास पुरेना.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने घरी गेलो असतो. पण गर्दी ती गर्दी.

"महाराजच पापी निघाले!" एक जण ओरडला. "त्यांचं पण लाल झालं! पापी आहे म्हणून खोटा आहे!" आणि सगळे बाह्या सरसावून पुढे निघाले. मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. मी माइक धरला.

"अरे मेल्यांनो, थांबा! पाप बघतच नाहीये ते पाणी! ते बघतंय सोडा! बघतंय चुना! काल स्वरदा ढोंगी म्हणून बाबा खरा, आणि आज बाबा पापी म्हणून बाबा खोटा? महाराज उद्या अगदी संत निघाले तरी हा कलश फसवाच आहे! आणि स्वरदाबाईंनी अंगभर अंगठ्या घातल्या, तरी त्या टॉवेलाबद्दल बोलल्या ते खरंच आहे!"

पहिल्या रांगेतून बँक मॅनेजरने हात वर केला.

"म्हणजे मी पापी नाही ना?"

"ते तुम्हाला ठाऊक. पाण्याला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," त्याची बायको म्हणाली.

या गोंधळात महाराज आणि निमेश मढच्या फेरीबोटीत चढले होते. पण बोट चालवणारा तांडेल आमच्या आळीतला. त्याने होडी खाडीच्या मधोमध नेऊन इंजिन बंद केलं आणि पोलीस येईपर्यंत निवांत विडी ओढली. औषध बंद करायला लावल्याची तक्रार समीक्षाने लिहून दिली.

संध्याकाळी मात्र घरात वेगळंच. आई पाय पसरून बसलेली, इन्सुलिन अजून फ्रिजमध्येच. स्वरदा दारात उभी.

"बाबा खोटा," आई म्हणाली. "ही पन खोटी. आता मी आयकू कोनाचं?"

समीक्षाने साखर तपासायचं यंत्र पुढे ठेवलं. आईने साबणाने हात धुतले, बोट टोचून घेतलं. आकडा आला. तो मी इथे लिहीत नाही, पण तो बघून समीक्षाच्या तोंडचं पाणी पळालं.

आईने ते यंत्र उचलून उलटसुलट करून पाहिलं. "याला म्हायत हाय का मी कोन?"

"नाही, आई."

"ही अंगठीवाली कोन, बाबा कोन, काय म्हायत नाय?"

"काहीच नाही."

"मंग बरा हाय हा," आई म्हणाली. "दे ती सुई."

टोचताना तिने डोळे गच्च मिटले. मग उघडून स्वरदाकडे बघितलं. "मना भ्या वाटते सुईचं. तरी घेतली. आता तुजी पाली."

स्वरदाने पुष्कराज धरला, फिरवला, सांध्यापर्यंत आणला. आणि तिने तो परत खाली ढकलला. "नाही जमत, मावशी."

मला वाटलं आता आई तिला हाकलणार. आईने जागा करून दिली. "बस. आज नाय तर उद्या काढशील. बोललीस ते खरं होतं, माजा पाय त्याच्यावर बरा व्हईल. तुज्या बोटावर नाय."

अंगठा वाचला. नख गेलं, पण आई पुन्हा पाटी घेऊन टॉवरची वाट चालते. तंबाखू सुटली नाही, त्यावर डॉक्टरांची बोलणी चालू आहेत. स्वरदाची अंगठीही अजून सुटलेली नाही. सुरमई कापता कापता आई विचारते, "हाय का?" स्वरदा म्हणते, "आहे, मावशी." आणि दोघी हसतात. कुठल्याही ढोंगी माणसाला इतकं चिडवायला हरकत नाही. मी तर म्हणतो, चिडवलंच पाहिजे. फक्त त्या नादात तो सांगतोय ते खरं की खोटं हे तपासायचं सोडू नका, कारण तिथेच पुढचा बाबा टपून बसलेला असतो.

आणि हे मी सांगतोय म्हणूनही मानू नका. घरात हळद असेल, धुण्याचा सोडा असेल, लिंबू असेल. वाटीत कालवून बघा. मी कसा माणूस आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि हळदीलाही ठाऊक नाही.